आधी शेत मोजलं, मग ताट : डॉ. पां. वा. सुखात्मे

अलिबाग : पीक विम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतो. शेताचा ठरावीक तुकडा कापून उत्पन्न काढतात. या मोजणीला देशात शिस्त लावणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

जन्म २७ जुलै १९११, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले, १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले. परत आल्यावर कृषी संशोधन परिषदेत लागले. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. कारण साधं आहे. कडेवरची रोपं मोजणारा आत धरतो, आणि तुकडा लहान तेवढा कडेचा वाटा मोठा.

१९५१ मध्ये ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि १९७० पर्यंत तिथे राहिले. आता मोजायची होती भूक. जगात उपाशी किती?

त्यांचं म्हणणं होतं, एका दिवसाच्या खाण्यावरून माणूस उपाशी ठरत नाही. आपल्याकडचंच बघा. पाहणीवाला श्रावणात आला तर ताटात वरणभात नि वालाचं बिरडं, गणपतीनंतर आला तर म्हावरं. माणूस तोच, आकडा वेगळा. शिवाय एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाल्लं की उपाशी, असं धरू नका. रेघ त्याच्या बरीच खाली ओढा.

यावरून पुण्याच्याच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० कॅलरी धरून गरिबी मोजली होती. वादात दम होता. रेघ वर गेली तर धडधाकट माणूसही उपाशी ठरतो, खाली आली तर खरा उपाशी यादीतून सुटतो.

नुसत्या अन्नाने भागणार नाही, स्वच्छ पाणी नि स्वच्छताही हवी, हेही सुखात्मे सांगत राहिले. पोट बिघडलेल्या पोराच्या अंगी खाल्लेलं लागत नाही. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९९७ ला ते गेले.

कुपोषणाचा आकडा वाचाल तेव्हा दोन गोष्टी जरूर विचारा : किती दिवस मोजलं, आणि रेघ कुठे ओढली?