गाडगेबाबा : आस्तिक की नास्तिक ?

सज्जनहो, आमच्या लाखनीकडे सप्ताहाच्या मांडवात एक वाद अधूनमधून रंगतो. शिकलेली पोरे म्हणतात, गाडगेबाबा देव मानीत नव्हते. म्हातारी मंडळी म्हणतात, असे कसे ? ते तर संत ! या वादाचे उत्तर बाबांच्या चरित्रातच आहे, म्हणून ते आज थोडक्यात सांगतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुळात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. देवाच्या नावाने बोकड कापावे आणि दारू प्यावी, ही घरची रीत. त्या दारूनेच वडील गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी भावाकडे आली. तेथे डेबू गुराखी झाला. दिवसभर गुरे राखावी, नदीवर त्यांना धुवावे, शेतात राबावे आणि रात्री भजनात बसावे. शाळा म्हणाल तर हीच ! सावकाराने मामाची जमीन गिळली, तेही त्याने डोळ्यांनी पाहिले.

मुलीच्या बारशाला जातभाई मटण-दारूची वाट पाहत बसले, तर डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. लोक रागावले. पण जो जीव आपण निर्माण केला नाही तो देवाच्या नावाने मारू नये, हे त्याच्या मनाने घेतले होते. मुक्या जनावरांत वाढलेल्या माणसाला ते पोथीतून शिकावे लागले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती काठी आणि मातीचे गाडगे. गावात शिरताच खराटा घ्यावा, रस्ते झाडावे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावे. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत. तेथे बाबांनी घाट बांधविला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

आता मूळ प्रश्न. देवाला आंघोळ कोण घालतो, धोतर कोण नेसवतो, नैवेद्य राखायला काठी घेऊन कोण बसतो, असे बाबा कीर्तनात विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. स्वतः पंढरीला जात, पण देवळात शिरत नसत. लोक दर्शनाच्या रांगेत असताना बाबा वाळवंट झाडीत. कोणी पाया पडू लागला तर काठी उगारीत. आपला गुरू नाही, चेला नाही, असे सांगत.

म्हणून ते नास्तिक काय ? अहो, मग त्याच कीर्तनात तुकोबांचे अभंग आणि गोपाळाचा गजर कसा चाले ? देव नसता तर पंढरीच्या वाटेला ते लागलेच नसते. आमच्या समजुतीप्रमाणे, त्यांचा देव गाभाऱ्यात मावत नव्हता. भुकेल्यात, रोग्यात, गाईत, नदीच्या पाण्यात तो त्यांना दिसे. त्याची पूजा हळद-कुंकवाने होत नाही, खराट्याने होते. नास्तिक त्यांना आपला म्हणोत, आस्तिकही म्हणोत. खराटा मात्र दोघांनाही उचलावा लागेल.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, बाबांनी देह ठेवला. ज्याचे बालपण नदीवर गेले, त्याचा शेवटही नदीकाठी झाला. सन २००० पासून सरकारचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने सुरू झाले.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. जुने मामा तलाव आणि शेताशेतातल्या बोड्या धानाच्या बांधीला पाणी देतात. त्या धानाचाच भात आपण सप्ताहाच्या पंगतीत वाढतो आणि उष्ट्या पत्रावळी त्याच तलावाच्या पाळीवर फेकतो ! हे पांडुरंगाला आवडेल काय ? येत्या पुण्यतिथीला बाबांच्या तसबिरीला हार घालण्याआधी गावच्या तलावाची पाळ झाडावी, एवढीच माउलींना विनंती. रामकृष्णहरि !