लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे का लागली? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेतकऱ्यांचा विश्वास कसा मिळवला, समजून घ्या

सोलापूर : ज्वारी निघाली की ट्रॅक्टरवाल्याला फोन जातो आणि दिवसभरात रान नांगरून होते. सोलापूर जिल्ह्यात हे आता नेहमीचे झाले आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच काळ्या जमिनीत लोखंडी नांगर घालायलाही शेतकरी धजावत नव्हता. लोखंड लागले की जमीन विषारी होते, पीक येत नाही, अशी समजूत होती.

ती समजूत मोडून काढणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे. आज त्यांची ओळख उद्योगपती म्हणून आहे. मात्र त्यांच्या आयुष्यातला अवघड भाग कारखाना उभारण्याचा नव्हता. तयार झालेली वस्तू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे त्याहून कठीण होते. नवे तंत्रज्ञान लहान शेतकऱ्यापर्यंत का पोहोचत नाही, या आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांच्या या धडपडीत सापडते.

चित्रकार व्हायला गेले, यंत्रांकडे वळले

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नव्हते. हात मात्र चित्रे काढण्यात आणि यंत्रे खोलण्यात गुंतलेले असत. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या मदतीने ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे लक्षात आले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत.

रंगकाम सुटले, पण रेघ पक्की होती. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. त्याच दुकानाच्या पाटीवर 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव पहिल्यांदा लागले.

सायकलीवरून नांगराकडे

सायकली घेणारी माणसे शहरातली आणि मोजकीच होती. आजूबाजूचा सगळा मुलूख शेतीचा होता. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर तेव्हा मिळत होते, पण ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते.

लोखंडी नांगरात वेगळे काय होते? लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलटी करत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि मागचा वळणदार पत्रा मातीचे ढेकूळ पालथे करतो. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही तणे खोल मुळे धरतात. माती उलटली की ती मुळे उन्हात येऊन वाळतात. शिवाय खोल नांगरलेल्या रानात पावसाचे पाणी जास्त मुरते.

फायदा उघड असूनही पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली.

शेतकरी खरेच अडाणी होता का?

ही गोष्ट सांगताना बहुतेकदा सगळा दोष अंधश्रद्धेवर टाकला जातो. समजूत होतीच, पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर आणखी तीन अडचणी दिसतात.

पहिली अडचण पैशांची. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा आणि फाळ लोहार शेवटून द्यायचा. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने, बलुते म्हणून दिला जायचा. लोखंडी नांगराला मात्र एकदम रोख रक्कम लागत होती.

दुसरी अडचण दुरुस्तीची. ऐन हंगामात फाळ मोडला तर गावातल्या लोहाराला ओतीव लोखंडाचा भाग करता येत नसे. सुटा भाग शहरातून येईपर्यंत वाफसा निघून जायचा.

तिसरी अडचण बैलांची. जड नांगर भारी जमिनीत ओढायला एकापेक्षा जास्त बैलजोड्या लागत. एकच जोडी असलेल्या शेतकऱ्याला शेजाऱ्याशी पैरा करणे किंवा भाड्याने नांगरट करून घेणे हाच मार्ग होता.

म्हणजे नवे अवजार घेणे हा लहान शेतकऱ्यासाठी जुगार होता. तो फसला तर त्याचे पूर्ण वर्ष बुडणार होते. त्याच्या नकारामागे हा हिशेबही होता.

निवडुंगाच्या माळावर कारखाना

नांगराला जरा कुठे गिऱ्हाईक मिळू लागले, तोच बेळगाव नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जागा आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

जागा ओसाड होती. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. १९१० मध्ये लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह तेथे आले. माळ साफ करून घरे आणि कारखाना उभा केला. हीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

जागेची निवड नांगराच्या दृष्टीनेही फायद्याची ठरली. रेल्वे दाराशी असल्यामुळे नांगर आणि त्याचे सुटे भाग दूरवर पाठवता येऊ लागले. आसपास शेतकऱ्यांचीच वस्ती असल्याने वापरणाऱ्याची तक्रार थेट कारखान्यात येत होती.

महायुद्धाने काय बदलले?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आवक आटली. देशी नांगराला मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्या काळात जुन्या तोफा नांगरांसाठी लोखंड म्हणून दिल्याचा प्रसंग पश्चिम महाराष्ट्रात आजही सांगितला जातो.

युद्ध संपेपर्यंत किर्लोस्कर नांगराचे नाव सर्वत्र झाले होते. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली.

माहिती पोहोचवणारा सोलापूरचा पुतण्या

त्याच वर्षी, १९२० मध्ये, किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू झाले. ते चालवणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांचा जन्म सोलापूरचा. कारखान्याची माहिती गिऱ्हाईक आणि विक्रेत्यांपर्यंत नेणे हा त्यामागचा पहिला हेतू होता. पुढे तेच 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत गेले.

आज ज्याला कृषी विस्तार म्हणतात, त्याचे बरेच काम त्या काळी असे चालले होते. अवजार दाखवायचे, वापर समजावून सांगायचा, सुटे भाग पुरवायचे आणि तक्रार ऐकून पुढच्या नांगरात सुधारणा करायची. मुंबई इलाख्याचे शेतकी खातेही प्रात्यक्षिके घेत होते.

सोलापूरच्या कोरडवाहू शेतीशी संबंध काय?

अवर्षणप्रवण भागासाठी १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. त्या काळातील संशोधनातून कोरडवाहू शेतीची जी पद्धत पुढे आली, तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांच्याबरोबरच तीन वर्षांतून एकदा खोल नांगरटीची शिफारस होती.

ही शिफारस लोखंडी नांगराशिवाय पाळणे अवघड होते. नांगराचा कारखाना आधीच उभा राहिला होता आणि त्याच्यावरचा अविश्वासही बराच कमी झाला होता. केंद्राचा सल्ला अमलात आणायला लागणारे अवजार त्यामुळे बाजारात होते.

नांगर खपेना, तेव्हा

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही आणि अवजारांच्या खरेदीला फटका बसला. शेतकरी बुडाला की त्याच्यावर अवलंबून असलेला कारखानाही अडचणीत येतो, हे तेव्हा दिसले.

किर्लोस्करवाडीने एकट्या नांगरावर विसंबणे आधीच कमी केले होते. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि लोखंडी फर्निचरही तेथे तयार होऊ लागले. १९२६ मध्ये पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला होता. विहिरीवरची मोट जाऊन पंप येण्याच्या बदलातही या कारखान्याचा मोठा वाटा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. किर्लोस्कर समूहाचा ओतकामाचा कारखाना आज सोलापुरातही आहे.

मग आज अडते कुठे?

सोलापूर जिल्ह्यात खेड आणि मोहोळ अशी दोन ठिकाणी कृषी विज्ञान केंद्रे आहेत. ठिबक, सुधारित वाण, फवारणीचे ड्रोन यांची माहिती मोबाइलवर मिळते. तरीही दोन-तीन एकरवाल्याचे प्रश्न जुनेच आहेत. पैसे एकदम भरायचे की हप्त्याने? ऐन हंगामात बिघडले तर दुरुस्त कोण करणार? विकत घेणे जमत नसेल तर भाड्याने मिळेल का? आणि आपल्यासारख्याच कोणाच्या रानात ते चाललेले पाहायला मिळेल का?

अवजार बँका, गटाने केलेली खरेदी आणि शेतावरची प्रात्यक्षिके यांचे महत्त्व इथे आहे. या चार प्रश्नांना उत्तर नसेल, तर शेतकरी नवे घेत नाही म्हणून त्याला नावे ठेवता येणार नाहीत. लक्ष्मणरावांनाही पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन वर्षे थांबावे लागले होते आणि त्यानंतरही नांगरासोबत त्याचा फाळ वेळेवर पोहोचवावा लागला होता.