गुंटूरचें रुग्णालय व डॉक्टर सिस्टर मेरी ग्लाउरी

धर्मग्रामाच्या महोत्सवीं देवळाच्या भिंतींचा, घंटेचा व वेदीचा इतिहास सांगावयाचा अशी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या प्रभूनें उपदेशाबरोबर रोग्यांस बरें करण्याचेंहि कार्य केलें, त्याच्या मंडळींत देवळाशेजारीं दवाखाना उभा राहावा, हेंहि तितकेंच स्वाभाविक होय. म्हणून ह्या अंकांत एका दवाखान्याची व तो वाढविणाऱ्या एका धर्मभगिनीची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. दवाखाना आंध्र देशांतील गुंटूरचा; भगिनी ऑस्ट्रेलियाची, डॉक्टर मेरी ग्लाउरी.

मेरीचा जन्म व्हिक्टोरिया प्रांतांतील बिरेगरा ह्या गांवीं २३ जून १८८७ रोजीं झाला. नऊ भावंडांत ती तिसरी. तिचें बालपण वॉचेम नांवाच्या एका आडबाजूच्या खेड्यांत गेलें. आईबाप भाविक कॅथॉलिक होते. घरांत रोज सायंकाळीं रोझरी होई, आणि ती संपल्यावर चांगले धर्मगुरु व चांगले डॉक्टर मिळावेत म्हणून आणखी एक नमो मरिया म्हटली जाई. आपल्या पोटची मुलगीच त्या प्रार्थनेचें उत्तर होणार आहे, हें त्या माउलीस तेव्हां कोठून ठाऊक असणार?

मेरी बुद्धीनें तल्लख होती. शिष्यवृत्ति मिळवून ती मेलबर्नला शिकावयास गेली व तेथील विश्वविद्यालयांत प्रथम कलाशाखेंत दाखल झाली. वैद्यकीकडे वळण्याची सूचना वडिलांची. त्या काळीं स्त्रीनें डॉक्टर होणें ही गोष्ट पुष्कळांच्या पचनीं पडत नसे. परंतु तिनें प्रार्थनापूर्वक विचार करून शाखा बदलली व १९१० सालीं वैद्यकाची पदवी घेतली. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथें कांहीं काळ उमेदवारी करून ती मेलबर्नला परतली. तेथें रुग्णालयांत काम व शहरांत स्वतःचा दवाखाना, असा तिचा जम चांगला बसला. मान, द्रव्य व प्रतिष्ठा हीं तिन्ही तिच्या दाराशीं आलीं होतीं.

अशा वेळीं देवानें एका लहानशा पुस्तिकेच्या द्वारें तिला हांक मारिली. २४ ऑक्टोबर १९१५ हा रविवार होता. मिस्सा आटोपल्यावर तिच्या हातीं डॉक्टर ॲग्नेस मॅक्लारेन यांचें छोटें चरित्र पडलें. ह्या मॅक्लारेनबाई मूळच्या एडिंबरोच्या. १८७८ सालीं फ्रान्सांतील माँपेलिये येथें त्या डॉक्टर झाल्या व १८९८ सालीं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, कॅथॉलिक झाल्या. हिंदुस्थानांतील पडदानशीन स्त्रियांची दैना ऐकून त्यांनीं रावळपिंडी येथें स्त्रियांसाठीं रुग्णालय उभारण्यास हात दिला. त्या स्त्रियांस पुरुष डॉक्टरासमोर जाण्याची मोकळीक नव्हती आणि स्त्री डॉक्टर मिळत नव्हती. त्यामुळें बाळंतपणांत अडलेली बाई घरच्या घरीं प्राण सोडी, व तिच्यामागून मूलहि जाई. हें वाचून मेरी गुडघे टेकून प्रार्थनेंत बसली. आपला मार्ग कोणता, ह्याविषयीं तिच्या मनांत मग संशय राहिला नाहीं.

परंतु मार्गांत एक मोठी धोंड होती, ती आम्हीं येथें उघड करून सांगणें जरूर आहे. धर्मभगिनींनीं दीनदुबळ्यांची शुश्रूषा करावी, हें आपल्या पवित्र ख्रिस्तसभेस पहिल्यापासून मान्य होतें; परंतु व्रतस्थांनीं वैद्यकी करूं नये व भगिनींनीं बाळंतपणाच्या कामांत पडूं नये, असा तिचा जुना निर्बंध होता. व्रतस्थ जीवनाची मर्यादा राखावी, हा त्यामागील हेतु. पण ज्या देशांत मरणाऱ्या स्त्रीजवळ केवळ स्त्रीच जाऊं शकते, तेथें हाच निर्बंध तिच्या मरणाच्या आड येईना. मॅक्लारेनबाईंनीं ह्यासाठीं रोमला पुनः पुनः विनंत्या केल्या. पण निर्बंध तसाच असतां १९१३ सालीं त्या प्रभूकडे गेल्या. दुसरी एखादी येथें रागावून दूर झाली असती, किंवा व्रत सोडून केवळ वैद्यकी घेऊन बसली असती. मेरीनें दोन्ही हवीं म्हटलें, आणि दोन्ही आज्ञेच्या वाटेनेंच मागितलीं.

आपल्या आध्यात्मिक गुरूचा सल्ला घेऊन तिनें धीरानें तयारी केली. १९१६ सालीं मेलबर्नच्या कॅथॉलिक स्त्रियांनीं समाजसेवेसाठीं संघ काढला, त्याची ती पहिली अध्यक्षा झाली. १९१९ सालीं प्रसूति, स्त्रीरोग व नेत्ररोग ह्या विषयांत एम. डी. ची पदवी मिळविली. नंतर १९२० च्या जानेवारींत तिनें आईबापांचा निरोप घेतला. स्वदेशाचें दर्शन तिला पुनः घडलें नाहीं.

१२ फेब्रुवारी १९२० रोजीं त्या गुंटूरला पोहोंचल्या. हा जिल्हा त्या वेळीं मद्रास इलाख्यांत होता. येशू-मरिया-योसेफ ह्या संस्थेच्या हॉलंडकडील भगिनी तेथें १९०४ पासून काम करीत होत्या. बत्तीस वर्षांची ही नामांकित डॉक्टरीण त्यांच्या मठांत साधी नवशिकी म्हणून शिरली व पवित्र हृदयाची सिस्टर मेरी हें नांव तिनें धारण केलें. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं व्रतस्थ राहून वैद्यकी करण्याची खास परवानगी तिला दिली. डॉक्टर म्हणून काम करणारी ती पहिली कॅथॉलिक धर्मभगिनी, असें मानितात.

आतां दवाखान्याची गोष्ट. आरंभीं तेथें मठाच्या आवारांतील एक लहानसें औषधालय काय तें होतें. त्यांतूनच १९२५ च्या सुमारास संत योसेफाच्या नांवाचें रुग्णालय उभें राहिलें. भोंवतालच्या खेड्यांतून रोगी येत, आणि ज्यांस येणें शक्य नसे त्यांच्याकडे सिस्टर स्वतः जात. बरींच वर्षें त्या एकट्याच डॉक्टर होत्या. त्या तेलुगु शिकल्या. हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, उच्च म्हणविणारा, अस्पृश्य म्हणून लोटलेला, असा भेद त्यांच्या दाराशीं नव्हता. जगांत आलेल्या प्रत्येक जीवावर ईश्वराची मुद्रा आहे आणि डॉक्टरचें काम तो जीव राखण्याचें आहे, ही त्यांची श्रद्धा अढळ होती.

तथापि त्यांचें खरें थोरपण आम्हांस दुसऱ्याच एका गोष्टींत दिसतें. आपण एकट्या किती जणांस पुरणार, हें त्यांनीं लवकरच ओळखिलें. म्हणून तेथल्याच मुलींना हाताशीं धरून त्यांनीं शुश्रूषा, औषधें तयार करणें व सुइणीचें काम शिकविलें. परदेशांतून आलेली विद्या त्यांनीं अशी ह्या मातींत रुजविली. इमारत दानाच्या पैशांतून उभी राहूं शकते. पण रात्रीं दोन वाजतां अडलेल्या बाईजवळ जाणारी शिकलेली मुलगी पैशांनीं विकत मिळत नाहीं. ती गांवानें आपल्यांतूनच द्यावी लागते.

११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें, आणि मिशन प्रदेशांतील धर्मभगिनींस वैद्यकी व प्रसूतिकार्य ह्यांची मोकळीक मिळाली. मॅक्लारेनबाईंच्या मृत्यूस तेव्हां तेवीस वर्षें होत आलीं होतीं. जी वाट सिस्टर मेरींसाठीं अपवाद म्हणून उघडली होती, ती आतां राजमार्ग झाली. १९४३ सालीं, महायुद्ध चालूं असतां, सोळा भगिनींस बरोबर घेऊन त्यांनीं कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना स्थापिली. देशभर विखुरलेलीं लहान लहान मिशन-रुग्णालयें एकमेकांस आधार देतील, असा त्यांचा हेतु होता. ही संघटना आजहि कार्य करीत आहे. आपलें स्वतःचें कॅथॉलिक वैद्यकीय महाविद्यालय असावें, ही त्यांची दुसरी मोठी आस. ती मात्र त्यांच्या हयातींत पुरी झाली नाहीं. कर्करोगाच्या वेदना शांतपणें सोशीत ५ मे १९५७ रोजीं बंगलोर येथें त्यांनीं देह ठेविला. पुढें सहा वर्षांनीं, १९६३ सालीं, त्याच शहरांत संत जॉन वैद्यकीय महाविद्यालय सुरूं झालें. २०१३ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस देवाची सेविका ही पदवी दिली.

प्रिय धर्मग्रामस्थहो, हें चरित्र आम्हीं केवळ मनोरंजनासाठीं दिलें नाहीं. रोग्याच्या अभ्यंगाचा संस्कार घेऊन आम्ही धर्मगुरु रुग्णालयांत जातों, तेव्हां आमच्या अगोदर तेथें कोणी तरी येऊन गेलेलें असतें. रोग्याची कूस पालटलेली असते, ओठ ओले केलेले असतात, आणि त्यामुळें तो आमची प्रार्थना ऐकूं शकतो. तें काम करणारे हात बहुधा एखाद्या खेड्यांतल्या मुलीचे असतात. ती मुलगी कोणाच्या घरची? तुमच्या घरची असूं शकते. ती पुढें शिकते म्हणाली, तर लग्न लांबेल ह्या भीतीनें तिला मागें ओढूं नका. वॉचेमच्या त्या बापानें मुलीस एक सूचना केली, तिचें फळ हजारों कोस दूर गुंटूरच्या आयाबहिणींस मिळालें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं आमची एकच मागणी आहे. आज सायंकाळीं आपल्या घरीं रोझरी संपली, कीं लगेच उठूं नका. चांगल्या धर्मगुरूंसाठीं व चांगल्या डॉक्टरांसाठीं आणखी एक नमो मरिया म्हणा, आणि ती म्हणतांना आपल्या लेंकरांकडे एकदां दृष्टि टाका.