गर्भपाताचे मूळ रक्तात शोधणारे डॉ. फिलिप लेव्हिन

वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या पदरी उपचारांऐवजी बोल येण्याचा काळ फार जुना नाही. या दुःखाचे एक कारण मातेच्या दुर्मीळ रक्तगटात असू शकते, हे पुराव्यानिशी मांडणाऱ्या संशोधकांत डॉ. फिलिप लेव्हिन अग्रणी होते.

लेव्हिन यांचा जन्म १९०० मध्ये आजच्या बेलारूसमधील क्लेत्स्क येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत स्थायिक झाले. वैद्यकीय शिक्षणानंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ते रक्तगटांचे जनक कार्ल लँडस्टायनर यांचे सहकारी झाले. १९२७ मध्ये या दोघांनी एम, एन आणि पी हे नवे रक्तघटक शोधून काढले.

१९३९ मध्ये लेव्हिन आणि रुफस स्टेटसन यांनी एका मातेची हकिगत प्रसिद्ध केली. मृत अर्भकाच्या जन्मानंतर तिला पतीचे रक्त देण्यात आले होते. रक्तगट जुळत असूनही तिची प्रकृती गंभीर झाली. अर्भकाला पित्याकडून मिळालेल्या घटकाविरुद्ध मातेच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र त्या घटकाचे नामकरण त्यांनी केले नाही. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी आरएच घटक जाहीर केला. त्यानंतर श्रेयाचा वाद दीर्घकाळ चालला.

लेव्हिन यांचे संशोधन मात्र थांबले नाही. १९५१ मध्ये जठराच्या कर्करोगाने ग्रस्त एका महिलेच्या रक्तात त्यांना जवळपास प्रत्येकाच्या रक्तपेशींवर हल्ला करणारे प्रतिपिंड आढळले. तिच्या रक्तात नसलेल्या घटकाला ‘टीजे-ए’ हे नाव मिळाले. हा घटक नसलेल्या व्यक्तींमध्ये ते प्रतिपिंड निसर्गतःच असते. त्यामुळे पहिल्या गर्भालाही धोका संभवतो. १९५४ मध्ये लेव्हिन यांनी त्याचा वारंवार होणाऱ्या गर्भपातांशी संबंध जोडला. हा घटक पी गटाशीच निगडित असल्याचे १९५५ मध्ये रूथ सँगर यांनी दाखवून दिले. या प्रतिपिंडांचा आघात प्रामुख्याने वारेवर होतो, हे पुढे स्पष्ट झाले.

कारण कळल्याने उपचारांची दिशा मिळाली. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून मातेच्या रक्तातील द्रव वेळोवेळी बदलून प्रतिपिंडांचे प्रमाण कमी ठेवण्याची पद्धत १९८० च्या दशकात अशा मातांसाठी वापरली गेली. पूर्वी अनेकदा गर्भ गमावलेल्या काही मातांना त्यामुळे अपत्यसुख लाभले. १९८७ मध्ये लेव्हिन यांचे निधन झाले. गर्भपाताचा दोष मातेच्या वागणुकीत किंवा नशिबात शोधण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे, हा त्यांच्या कार्याचा धडा आजही लागू आहे.