मधली फट

३२ वर्षं बँकेत आकडेमोड आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या, असं आयुष्य काढलेल्या माणसाने साठी उलटल्यावर मेंदूचं शास्त्र शिकायला बसावं, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. पण मागच्या वर्षी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्दही गेले. वहिनी समोर उभी राहिली की तो तिला ओळखे, पण तिचं नाव काही केल्या ओठांवर येत नसे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, त्यातलं मला निम्मंही उमगलं नाही. शेवटी नातीचं अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक मागून घेतलं आणि चेतापेशीच्या, म्हणजे न्यूरॉनच्या, आकृतीपाशी येऊन अडलो. एखादं झाड मुळांसकट उपटून ठेवावं तशी ती दिसत होती. हे झाड एवढं स्पष्ट पाहिलं कुणी, याचा शोध घेताना मला सांतियागो रामोन इ काहाल भेटला.

१ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात तो जन्मला. वडील खेड्यापाड्यांत शस्त्रवैद्यकी करणारे, करारी. पोरगा मात्र वांड! घरच्या घरी तोफ बनवून त्याने शेजाऱ्याच्या बागेचं फाटक उडवलं आणि अकराव्या वर्षी काही दिवस कोठडीची हवा खाल्ली. त्याला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांच्या लेखी चित्रं काढणं म्हणजे रिकामपणचा उद्योग. त्यांनी त्याला आधी न्हाव्याच्या, मग चांभाराच्या हाताखाली ठेवलं. तरी भिंती आणि कागद रंगवणं थांबेना.

अखेर १८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी एक युक्ती केली. मुलाला घेऊन ते जुन्या दफनभूमीत गेले, उघड्यावर आलेली हाडं गोळा केली आणि शरीररचना शिकवायला सुरुवात केली. हाडांचे आकार पाहून पोराचा हात आपोआप कागदाकडे गेला. ज्या चित्रांसाठी मार खाल्ला, त्याच चित्रांतून तो वैद्यक शिकू लागला. हे वाचलं तेव्हा मीही एक शंभर पानी वही आणली. समजलं नाही की चित्र काढायचं, असा नेम केला.

१८७३ मध्ये सारागोसा इथे तो डॉक्टर झाला. लष्करी डॉक्टर म्हणून क्युबात गेला आणि मलेरियाने खंगून १८७५ मध्ये परतला. तिथल्या पगाराच्या थकबाकीतून त्याने सूक्ष्मदर्शक घेतला. पुढे क्षयानेही गाठलं, त्यातूनही तो उठला. १८७९ मध्ये सिल्व्हेरियाशी लग्न झालं. संसार बेताचा, मुलंबाळं वाढत होती.

१८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो या डॉक्टरांकडे त्याने एक काचपट्टी पाहिली. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेली ती रीत होती. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला की मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या दिसतच नाहीत. म्हणून तर जी दिसते ती शेंड्यापासून मुळापर्यंत दिसते. गोल्जी आणि त्या काळचे बरेच विद्वान मानत की मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचं एकच अखंड जाळं. काहालने ती रीत सुधारली. दाट अरण्यात झाड निरखता येत नसेल तर रोपवाटिकेत जावं, अशा विचाराने त्याने पक्ष्यांचे भ्रूण आणि लहान पिल्लांचे मेंदू पाहिले. बार्सिलोनात १८८८ मध्ये त्याला दिसलं की तंतूंची टोकं दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ येतात आणि तिथेच थांबतात. प्रत्येक पेशी स्वतंत्र.

मला हे बँकेच्या भाषेत चटकन कळलं. गोल्जींचा मेंदू म्हणजे सगळ्यांचं मिळून एक संयुक्त खातं. काहालच्या मेंदूत प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि व्यवहार मात्र अखंड चालू!

छापणार कोण? त्याने पदरच्या पैशाने नियतकालिक काढलं, पहिल्या अंकाच्या ६० प्रती. स्पॅनिश वाचतो कोण? म्हणून १८८९ मध्ये काचपट्ट्या घेऊन तो थेट बर्लिनच्या परिषदेत पोहोचला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावू लागला. ज्येष्ठ केलिकर यांनी पाहिलं आणि त्यांना पटलं. १८९१ मध्ये वाल्डायर यांनी पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं, १८९७ मध्ये शेरिंग्टन यांच्यामुळे त्या सांध्याला सिनॅप्स हे नाव मिळालं. १९०६ चं नोबेल काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळालं. गोल्जींनी त्या व्यासपीठावरूनही स्वतंत्र पेशींचा सिद्धान्त अमान्यच केला. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल गेला. सिनॅप्समधली ती फट डोळ्यांना दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून.

माझ्या मनातला प्रश्न मात्र दादाचा होता. काहालने याबाबत दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. मोठ्या माणसाच्या मेंदूतले गेलेले तंतू पुन्हा धड उगवत नाहीत, ही एक. ती वाचून मी दोन दिवस वही उघडली नाही. दुसरी त्याने १८९४ मध्ये लंडनच्या व्याख्यानात मांडली होती : सरावाने पेशींच्या फांद्या वाढू शकतात, नवे जोड होऊ शकतात. आजचं शास्त्रही सांगतं की गेलेली पेशी सहसा परत येत नाही, पण उरलेल्या पेशींमधले सांधे सरावाने बदलतात. वाचा-उपचारांच्या बाई रोज त्याच त्या चित्रांचे पत्ते दादापुढे का धरतात, ते मला तेव्हा कळलं. तोवर मला तो पोरखेळ वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. वहिनीची त्याबद्दल मी माफी मागितली.

आता रोज संध्याकाळी पत्ते मीच धरतो. गेल्या आठवड्यात दादाने माझ्या वहीत डाव्या हाताने एक वाकडातिकडा कप काढला. वहिनी चहा घेऊन आली. त्याने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि बऱ्याच खटपटीनंतर तोंडातून एक च निघाला. पुढचा हा अजून यायचाय.