नाशिकच्या कॉर्नेलियाबाई
पाहुण्यांना ऑक्सफर्ड दाखवायला नेलं, की मी ऑल सोल्स कॉलेजपाशी थांबतेच. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १८८९ मध्ये इथे आल्या. कायदा शिकायचा तर जुने निवाडे हाताशी हवेत. पण इथल्या तेव्हाच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात तोवर एकाही बाईला वाचायला बसू दिलेलं नव्हतं! १८९० साली कॉलेजप्रमुख सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी बाईंना परवानगी दिली. १८९२ मध्ये त्या बी.सी.एल.च्या परीक्षेला बसल्या. मग हिंदुस्थानात परतून पडद्यातल्या शेकडो बायकांच्या मालमत्तेसाठी झटल्या. स्वातंत्र्यचळवळीला मात्र त्यांचा विरोध, ते काही मला पटत नाही. आणि पदवी? ती हातात पडली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी.