आयुष्यभर रिस्क टाळून खेळणाऱ्या विजय मर्चंटनी सिलेक्टर झाल्यावर मात्र कोवळ्या पोरांवर डाव लावला

पुणे-नगर रोडवर सणसवाडीत आठवडाभर सगळं शिफ्टच्या हिशोबाने चालतं. रविवार आला की मात्र विषय बदलतो. टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात आणि स्पर्धेच्या आधी आयपीएलसारखा खेळाडूंचा लिलाव असतो. प्रत्येक टीमला ठरलेले पॉइंट, त्यातच पोरं घ्यायची.

या लिलावात एक भांडण ठरलेलं. एक जण म्हणतो, दर मॅचला वेळेवर येणारा, दोन ओव्हर टाइट टाकणारा, कॅच न सोडणारा पोरगा घ्या. दुसरा म्हणतो, तो डावरा घ्या, लागला तर एकटा मॅच काढतो. आता तो डावरा चारपैकी तीन मॅचमध्ये पहिल्याच बॉलवर दांड्या उडवून घेतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी बोली त्याच्यावरच चढते. आमच्या टीमने एकदा अर्ध्याहून जास्त पॉइंट अशाच एका पोरावर घातले होते. तो पहिल्याच मॅचला आला नाही, बहिणीचं लग्न होतं.

हे भांडण जगभर चालतं. तिकडे उत्तर अमेरिकेत एनएचएल नावाची आइस हॉकीची लीग आहे. तिच्या ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांची पोरं निवडतात आणि तिथंही प्रश्न हाच असतो. नेमून दिलेलं काम दहा वर्षं नीट करेल असा घ्यायचा, का एकतर स्टार होईल नाहीतर काहीच होणार नाही असा? भारतीय क्रिकेटमध्ये या प्रश्नावर एका माणसाने अख्खी टीम पणाला लावली होती. त्यांचं नाव विजय मर्चंट.

आणि गंमत म्हणजे हा माणूस स्वतः बॅटिंगला उभा राहिला की रिस्क नावाचा शब्दच विसरायचा.

ठाकरसीचे मर्चंट कसे झाले?

१२ ऑक्टोबर १९११ ला मुंबईत गिरणीमालक ठाकरसी घराण्यात त्यांचा जन्म झाला. खरं नाव विजय माधवजी ठाकरसी. शाळेत नाव आणि वडिलांचा धंदा विचारला, उत्तरात व्यापार आला आणि शाळेच्या वहीत मर्चंट लिहिलं गेलं, असं सांगतात. ते नाव कायमचं चिकटलं.

घरात पैसा होता, पण बॅटिंग मात्र हिशोबनीसासारखी. बॉल शेवटपर्यंत बघायचा, उशिरा खेळायचा, हवेत मारायचा नाही आणि एकदा टिकलो की विकेट फेकायची नाही. मुंबईच्या बॅटिंगला आपण खडूस म्हणतो, त्या खडूसपणाची सुरुवात शोधत मागे गेलात तर रस्ता मर्चंटपर्यंतच जातो. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४. मोठी कारकीर्द असलेल्या बॅट्समनमध्ये त्यांच्यापुढे एकच माणूस आहे, डॉन ब्रॅडमन.

१९४३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत पेंटँग्युलर स्पर्धेची फायनल झाली. हिंदू संघाकडून मर्चंटनी नाबाद २५० काढले. समोरच्या रेस्ट संघाकडून सांगलीच्या विजय हजारेंनी ३८७ पैकी एकट्याने ३०९ काढले. त्याच सीझनला मर्चंटनी रणजीमध्ये नाबाद ३५९ ठोकले, तेही आपल्याच महाराष्ट्राच्या टीमविरुद्ध. आपल्यासाठी वाईट, पण नोंद घ्यायलाच हवी.

एवढं सगळं असून टेस्ट किती? फक्त १०. पहिली १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर, शेवटची १९५१ मध्ये दिल्लीत, आणि सगळ्या इंग्लंडविरुद्ध. १९३२ चा इंग्लंड दौरा त्यांनी सोडला, कारण गांधीजी आणि इतर नेते तुरुंगात होते. मधली वर्षं महायुद्धाने खाल्ली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कॅप्टन म्हणून नाव जाहीर झालं, पण तब्येतीने साथ दिली नाही. दिल्लीच्या शेवटच्या टेस्टमध्ये वयाच्या चाळिशीत त्यांनी १५४ काढले. त्याच मॅचमध्ये फिल्डिंग करताना खांदा गेला आणि विषय संपला.

निवड म्हणजे काय असतं, हे त्यांनी आधी भोगलं होतं

१९३६ चा इंग्लंड दौरा. कॅप्टन होते विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. खेळापेक्षा वजनावर कॅप्टन झालेला माणूस. लाला अमरनाथसारख्या खेळाडूला त्यांनी दौऱ्याच्या मधूनच घरी पाठवलं. मँचेस्टरला मुश्ताक अलींनी मर्चंटना रनआऊट करावं असं विझींनी सुचवल्याचा किस्साही प्रसिद्ध आहे. मुश्ताकनी ते थेट मर्चंटनाच सांगून टाकलं, आणि दोघांनी मिळून २०३ रनची ओपनिंग रचली. मर्चंट ११४.

मग १९४६. पुन्हा इंग्लंड दौरा. मर्चंट तेव्हा देशातले सगळ्यात भरवशाचे बॅट्समन, पण कॅप्टनपद गेलं इफ्तिखार अली खान पतौडींकडे. मर्चंट व्हाइस कॅप्टन झाले आणि गपगुमान खेळले. दौऱ्यात २३८५ रन काढले.

हे १९४६ लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांनी लोकांनी ते उकरून काढलं.

१९६९ : पोरं आणा

साठच्या दशकाच्या शेवटी मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष झाले. परदेशात आपली अवस्था वाईट होती. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० ने हरलो, त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात ४-० ने. न्यूझीलंडमध्ये ३-१ ने जिंकलो, तोच काय तो दिलासा. टीममध्ये नावं मोठी होती, पण त्यातली बरीच उतरणीला लागलेली.

१९६९ मध्ये न्यूझीलंड आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलिया भारतात आली आणि मर्चंटनी नव्या पोरांना दार उघडलं. चेतन चौहान, अशोक मंकड, अजित पै, अंबर रॉय, अशोक गंडोत्रा, एकनाथ सोलकर, गुंडाप्पा विश्वनाथ, मोहिंदर अमरनाथ. एका सीझनमध्ये एवढी नवी तोंडं! पुण्याचे चंदू बोर्डे त्याच सीझनला शेवटची टेस्ट खेळले.

लगेच फळ मिळालं का? अजिबात नाही. न्यूझीलंडसारख्या तेव्हाच्या दुबळ्या टीमने सिरीज १-१ अशी बरोबरीत सोडवली. हैदराबादच्या टेस्टमध्ये आपण ८९ मध्ये गारद झालो होतो, पावसाने वाचवलं. ऑस्ट्रेलियाने ३-१ ने हरवलं. मुंबईच्या टेस्टला तर प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये जाळपोळ केली. ते एका आऊटच्या निर्णयावरून पेटलं होतं, पण लोकांचा मूड कसा होता ते कळायला एवढं पुरेसं आहे.

त्या आठ जणांचं पुढं काय झालं ते बघा. अजित पै एक टेस्ट खेळले आणि थांबले. गंडोत्रा दोन. (हा माणूस ब्राझीलच्या रिओ दि जानेरोमध्ये जन्मला होता, हे जाता जाता.) अंबर रॉय चार. म्हणजे मर्चंटचे तीन डाव सरळ फुकट गेले.

आणि विश्वनाथ? कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या इनिंगला शून्य. सेफ खेळणाऱ्या सिलेक्टरच्या पोटात गोळा यावा असा स्कोअर. दुसऱ्या इनिंगला १३७. पुढे ९१ टेस्ट, ६०८० रन. तीन चुकांची भरपाई एकट्याने केली म्हटलं तरी चालेल.

मोहिंदरचं प्रकरण तर आणखी वेगळं. लाला अमरनाथचा हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी टेस्ट खेळला आणि दुसऱ्या टेस्टसाठी त्याला १९७६ पर्यंत थांबावं लागलं. १९८३ च्या वर्ल्ड कप फायनलचा मॅन ऑफ द मॅच तोच. १९७० मध्ये हिशोब मांडला असता तर तो तोट्यातच दिसला असता.

सोलकर या यादीतला सरळसाधा कामाचा गडी. वडील हिंदू जिमखान्याचे माळी, पोरगा मैदानावरच वाढलेला. थोडी बॅटिंग, थोडी बॉलिंग, आणि शॉर्ट लेगला हेल्मेट नसण्याच्या काळात उभं राहायची छाती. २७ टेस्टमध्ये ५३ कॅच. म्हणजे मर्चंट फक्त चमकणाऱ्या पोरांच्या मागे होते असंही नाही.

जानेवारी १९७१, एक मत

वेस्ट इंडीज दौऱ्याची टीम निवडायची होती. कॅप्टन मन्सूर अली खान पतौडी, म्हणजे टायगर. १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी कॅप्टन झालेले, देशभर लाडके. समोर नाव आलं मुंबईच्या अजित वाडेकरांचं. स्टेट बँकेत नोकरी, बोलणं कमी, ग्लॅमर शून्य. निवड समितीत मतं सारखी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने वाडेकर कॅप्टन झाले, असंच क्रिकेटच्या इतिहासात नोंदलं गेलंय.

आता १९४६ आठवा. बापाने मर्चंटचं कॅप्टनपद नेलं, मर्चंटनी मुलाचं नेलं, अशी चर्चा झाली आणि ती कधीच थांबली नाही. मला स्वतःला सूडाची थिअरी फार पटत नाही. १९६९ पासून मर्चंट जुनी घडी मोडतच होते आणि कॅप्टन हा त्या घडीचाच भाग होता. पण ज्याच्यासोबत असं घडलंय त्याने असा निर्णय घेतला की लोक बोलणारच. टायगर त्या दौऱ्याला गेले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी गुडगावमधून लोकसभा लढवली आणि हरले.

मर्चंटसाठी हा सगळ्यात मोठा जुगार होता. वेस्ट इंडीजला आपण तोवर एकही टेस्ट हरवली नव्हती. हरून आलो असतो तर वाडेकरांआधी मर्चंटना धुतलं असतं.

त्या टीममध्ये एक एकवीस वर्षांचा पोरगा होता, सुनील गावसकर. बोटाला इन्फेक्शन झालं म्हणून पहिली टेस्ट हुकली. पुढच्या चार टेस्टमध्ये ७७४ रन.

पण इथं मर्चंटच्या धोरणाला एक टाचणी लागते, आणि ती टाचणी गोव्याची आहे. मडगावचे दिलीप सरदेसाई. वय तीस, संघातून बाहेर गेलेले. मर्चंट त्यांना घ्यायला फारसे राजी नव्हते, वाडेकरांनी आग्रह धरला असं सांगतात. किंग्स्टनला ७५ ला ५ अशी हालत असताना सरदेसाईंनी २१२ काढले. सोबत ६१ काढून उभा राहिला तो सोलकर. वेस्ट इंडीजला फॉलोऑन देण्याची वेळ आली! पूर्ण सिरीजमध्ये सरदेसाईंचे ६४२ रन. म्हणजे ज्याला वय झालं म्हणून बाजूला सारलं होतं त्यानेच पोरांसाठी पाया घातला.

दुसरे सलीम दुराणी. बेभरवशाचा म्हणून चारेक वर्षं टेस्टबाहेर. पोर्ट ऑफ स्पेनला दुसऱ्या इनिंगमध्ये त्यांनी सोबर्सला शून्यावर बोल्ड केलं आणि क्लाइव्ह लॉइडलाही घालवलं. आपण ती टेस्ट ७ विकेटने आणि सिरीज १-० ने जिंकली. पुढच्या इंग्लंड दौऱ्याला दुराणी टीममध्ये नव्हते. असाही खेळाडू असतो, एका दुपारपुरता.

इंग्लंडला जाताना मर्चंटनी आणखी एक डाव खेळला. भागवत चंद्रशेखर. पोलिओने बारीक झालेल्या हाताने बॉलिंग टाकणारा, दुखापत आणि अपघातामुळे तीनेक वर्षं टेस्टपासून लांब. वेस्ट इंडीजला बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन यांनी काम भागवलं होतं, त्यामुळे चंद्राला न घेता निघालो असतो तरी कुणी विचारलं नसतं. मर्चंटनी धोका आहे हे मान्य करून त्याला घेतलं.

२४ ऑगस्ट १९७१. गणेश चतुर्थी. ओव्हलच्या मैदानावर आपल्या लोकांनी बेला नावाची हत्तीण आणली होती. आदल्या दिवशी चंद्राने ३८ रनमध्ये ६ विकेट काढून इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. १७३ चं टार्गेट, ४ विकेटने विजय. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच.

नंतरचे मर्चंट

क्रिकेटच्या बाहेर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला तो दिव्यांगांच्या रोजगाराला. आपल्या गिरणीत त्यांना कामावर घेतलं, इतर कारखानदारांच्या मागे लागले. रविवारी दुपारी विविध भारतीवर त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम लागायचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आवाज आठवेल. २७ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत ते गेले.

कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात नाबाद ४४३ काढले होते. त्यांना एकाही निवड समितीने एकही टेस्ट दिली नाही. त्यांच्या वेळी अध्यक्षाच्या खुर्चीत मर्चंट असते तर, असा विचार आमच्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांच्या गप्पांत अजून निघतो.

आज देशातली सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा विजय मर्चंट ट्रॉफी म्हणून ओळखली जाते. सणसवाडी-शिक्रापूरकडचा एखादा पोरगा क्रिकेटमध्ये पुढं जायचं म्हणत असेल तर महाराष्ट्राच्या टीमसाठी त्याची पहिली मोठी ट्रायल बहुतेक याच ट्रॉफीची असते.